डबाबंद ट्यूना, आंबट भात आणि नोरी: ट्यूना सॅलडला सुशीचे वळण

ट्यूना सॅलडला सुशीचे वळण द्यायचे म्हटले की बहुतेकांचा हात आधी वसाबीच्या, म्हणजे नाकात झणकणाऱ्या हिरव्या जपानी चटणीच्या, नळीकडे जातो. मेयोनीजमध्ये कालवलेल्या ट्यूनात थोडी वसाबी, थोडा सोया सॉस आणि वरून तीळ पेरले की झाले, असा समज असतो. असे सॅलड वाईट लागत नाही, पण ते सुशीसारखेही लागत नाही. आणि ते का, हे उमगेपर्यंत माझ्या हातून बरेच ट्यूनाचे डबे वाया गेले. कारण तसे साधे होते. नेहमीच्या ट्यूना सॅलडमध्ये आंबट, खारट, तिखट, स्निग्ध असे सगळे एकाच वाडग्यात एकजीव केलेले असते. सुशीत प्रत्येक चवीला तिची जागा नेमून दिलेली असते: आंबटगोडपणा भाताकडे, खारटपणा सोया सॉसकडे, स्निग्धपणा माशाकडे, झणका वसाबीकडे आणि समुद्राचा वास नोरीकडे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ कागदाकडे. या चवी एकत्र येतात त्या तोंडात. म्हणून पुढच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा दोन गोष्टींत आहे: सॅलडमधला आंबटपणा काढून भातात घालायचा, आणि सॅलडमधले पाणी काढून टाकायचे.

कच्चा मासा नको, आंबट भात हवा

सुशी म्हणजे कच्चा मासा असे समजून अनेकजण या वाटेला जातच नाहीत. प्रत्यक्षात हा शब्द ‘आंबट’ या अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणावरून आला असे मानले जाते, आणि सुशीला सुशीपण येते ते व्हिनेगर लावलेल्या भातामुळे. तिचे जुने रूप, नारेझुशी, हा मुळात मासा टिकवण्याचा मार्ग होता. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवत. भात आंबून आम्ल तयार होई, त्या आम्लामुळे मासा टिके, आणि खाताना तो भात बहुधा काढून टाकत. बिवा सरोवराच्या परिसरात, शिगा प्रांतात, फुनाझुशी या नावाने हा प्रकार आजही केला जातो. पुढे भात आंबण्याची वाट पाहण्याऐवजी त्यात सरळ व्हिनेगर घालण्याची पद्धत रुळली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या लहानशा मुटक्यावर मासा ठेवून तो लगेच खायला देण्याचा प्रकार लोकप्रिय झाला. त्याचे श्रेय सहसा हानाया योहेई या विक्रेत्याला दिले जाते. महिन्यांचे काम मिनिटांवर आले, पण आंबटपणाने भाताची जागा सोडली नाही.

डबाबंद ट्यूना डब्यातच उष्णतेने शिजवून निर्जंतुक केलेला असतो, त्यामुळे कच्च्या माशाबाबत घ्यावी लागणारी काळजी येथे लागू होत नाही. शिवाय ही काही परक्यांनी केलेली मोडतोड आहे, असेही नाही. जपानमध्ये डबाबंद ट्यूनाला घराघरांत ‘सी चिकन’ म्हणतात. हे वास्तविक हागोरोमो या कंपनीचे १९५८ मध्ये नोंदवलेले व्यापारचिन्ह आहे, पण बोलण्यात ते त्या वस्तूचेच नाव होऊन बसले आहे. तेथील सेव्हन-इलेव्हन दुकानांत १९८३ मध्ये ट्यूना-मेयोनीज भरलेला ओनिगिरी, म्हणजे नोरीत गुंडाळलेला भाताचा त्रिकोणी गोळा, विक्रीस आला आणि आज तो जपानमधील अत्यंत परिचित प्रकारांपैकी एक आहे. फिरत्या पट्ट्यावरून बशा येणाऱ्या सुशीच्या उपाहारगृहांतही भातावर ट्यूना सॅलड रचलेली सुशी सर्रास मिळते, आणि तिच्यावर सर्वांत आधी मुलांचा डोळा असतो.

काय काय लागेल

चार जणांच्या हलक्या जेवणासाठी ३०० ग्रॅम बुटक्या दाण्याचा जपानी तांदूळ, ६० मिलिलिटर तांदळाचे व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर, १ लहान चमचा मीठ, निथळल्यावर सुमारे २०० ग्रॅम भरेल इतका डबाबंद ट्यूना, ३ मोठे चमचे मेयोनीज, १ लहान चमचा सोया सॉस, अर्धा लहान चमचा भाजलेल्या तिळांचे तेल, १ मोठा चमचा तीळ, एक मध्यम काकडी, पातीच्या कांद्याच्या दोन काड्या, नोरीचे ८ कागद आणि वसाबी एवढे साहित्य पुरते. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर हे माप येथे धरले आहे. ॲव्होकाडो, उकडलेले एदामामे म्हणजे सोयाबीनचे कोवळे दाणे, किंवा मक्याचे दाणे हवे असल्यास घ्यावेत, पण पहिल्या वेळी त्यांच्या मागे लागू नये.

खरेदीच्या वेळी दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिले ठिकाण व्हिनेगरचे. तांदळाच्या व्हिनेगरच्या शेजारीच ‘सुशी व्हिनेगर’ किंवा ‘सीझन्ड व्हिनेगर’ अशी बाटली असते, आणि तिच्यात साखर व मीठ आधीच घातलेले असते. ती आणली असेल तर वर दिलेली साखर आणि मीठ पुन्हा घालू नये. साधे पांढरे व्हिनेगरच हाताशी असेल, तर ते जास्त आंबटजहाल लागते म्हणून त्यात चौथा भाग पाणी मिसळावे आणि साखर किंचित वाढवावी. दुसरे ठिकाण तांदळाचे. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज नावाच्या पिष्टाचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्याचा भात मोकळा होतो. तो कितीही सुवासिक असला तरी त्याचा मुटका वळत नाही, आणि त्याला वळवण्यासाठी जास्त पाणी घालून शिजवले तर हाती लगदा येतो. बुटक्या दाण्याचा तांदूळ अजिबात मिळाला नाही, तर मध्यम दाण्याचा घ्यावा. तोही नसेल, तर भाताचा नाद सोडून ट्यूना नोरीच्या तुकड्यांवर घालून खावा, ते अधिक बरे.

भात: निम्मे यश येथेच

तांदूळ मोठ्या भांड्यात घेऊन त्यावर पाणी ओतावे, हाताने एकदोनदा फिरवावे आणि ते पाणी ताबडतोब टाकून द्यावे. कोरडा दाणा पहिले पाणी सर्वांत वेगाने पितो, आणि त्या पाण्यात कोंड्याचा वास उतरलेला असतो. म्हणून पहिल्या पाण्यात तांदूळ रेंगाळू देणे बरे नाही. त्यानंतर बोटे किंचित वाकवून, दाणे न मोडता, तीनचार पाण्यांनी धुवावे. पाणी अगदी आरशासारखे स्वच्छ होण्याची गरज नाही; भांड्याच्या तळाचे दाणे दिसू लागले की पुरे. मग तांदूळ चाळणीत निथळून ३६० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावा. भिजलेला दाणा काचेसारखा दिसायचा थांबून दुधाळ पांढरा होतो, आणि तो आतपर्यंत सारखा शिजण्याची तयारी झाल्याची ही खूण आहे. कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचा बोटाएवढा तुकडा मिळाला तर तो या भिजवणीत घालावा आणि पाण्याला उकळी येण्याआधी काढून टाकावा.

तांदूळ त्याच पाण्यासह जाड बुडाच्या भांड्यात घेऊन, घट्ट झाकण ठेवून मध्यम आचेवर उकळी आणावी, मग आच अगदी मंद करून १२ मिनिटे शिजवावे आणि आच बंद करून आणखी १० ते १५ मिनिटे झाकण न उघडता वाफ जिरू द्यावी. या वेळात झाकण उघडून डोकावण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण दाण्याच्या मध्यापर्यंत ओलावा पोचतो तो याच अवधीत. विजेवर चालणारा राइस कुकर असेल, तर त्याच्या भांड्यातील सुशीची खूण पाहावी. ती साध्या भाताच्या खुणेच्या किंचित खाली असते, कारण व्हिनेगरच्या रूपाने थोडा ओलावा नंतर येणारच असतो.

भात शिजत असताना व्हिनेगर, साखर आणि मीठ लहान पातेल्यात एकत्र करून, साखर विरघळेपर्यंतच कोमट करावे. त्याला उकळी आणली तर आंबटपणाचा काही अंश वाफेबरोबर उडून जातो आणि स्वयंपाकघरात ठसका लागतो, तो वेगळाच.

यानंतर भाताला व्हिनेगर लावायचे. जपानमध्ये यासाठी हांगिरी नावाचे पसरट लाकडी भांडे वापरतात, कारण लाकूड जास्तीचा ओलावा ओढून घेते. घरी पसरट परात किंवा मोठा ट्रे चालतो; मात्र तो ॲल्युमिनियमचा नसावा, कारण आम्लाची त्यावर प्रक्रिया होते. भात गरम असतानाच परातीत ओतावा, लाकडी कालथा आडवा धरून त्यावरून व्हिनेगर सगळीकडे शिंपडल्यासारखे पसरावे, आणि कालथ्याची कड उभी करून भात कापत जावे: एकदा उभे, एकदा आडवे, मग खालचा भात हलकेच वर. गोल गोल ढवळले की दाणे मोडतात आणि पिष्ट बाहेर येऊन खळ होते. मिनिटभर कापून झाले की दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राच्या घडीने किंवा पंख्याने वारा घालायला सुरुवात करावी. सुरुवातीला भात ओलसर, मंद दिसतो आणि व्हिनेगरचा वास नाकात जातो. तीनचार मिनिटांत दाण्यांवर तुकतुकी चढते, वास मवाळ होतो आणि कालथ्याला भात चिकटेनासा होतो. वारा घालणे हा देखावा नव्हे. पृष्ठभागावरचे जास्तीचे पाणी वाऱ्याने उडते आणि व्हिनेगरमधली साखर दाण्यावर पातळ थर धरते, त्याचीच ती चमक असते. मला एकट्याला दोन्ही हातांची ही कसरत जमेना, तेव्हा मी टेबलावरचा विजेचा पंखा परातीकडे तोंड करून ठेवला, आणि तेव्हापासून तसाच ठेवतो.

भात अंगाइतका कोमट झाला की ओला करून घट्ट पिळलेला फडका त्यावर झाकावा आणि त्याच दिवशी संपवावा. तो गार करण्यासाठी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. फ्रिजच्या तापमानाला शिजलेले पिष्ट पुन्हा घट्ट होऊ लागते, आणि दाणा बाहेरून कडक व आतून पिठूळ लागतो.

ट्यूना: पिळण्याची लाज बाळगू नये

पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा मी ट्यूना चमच्याने दाबून थोडा निथळला, त्यात नेहमीच्या सवयीने लिंबू पिळले, वर थोडे व्हिनेगरही घातले, आणि काकडी तशीच चिरून मिसळली. पंधरा मिनिटांनी वाडग्याच्या तळाशी बोटभर पांढरट पाणी साचले होते. ते नोरीवर घेताच नोरी लोळागोळा झाली, आणि भात आंबट, सॅलडही आंबट, त्यामुळे दोघांचीही चव बसली.

डबाबंद ट्यूना पाण्यातला आणि तेलातला असा दोन प्रकारचा असतो. या कामासाठी मी तेलातला पसंत करतो, कारण तेल काढल्यावरही मासा मऊ राहतो. पाण्यातला मासा पिळल्यावर कोरडा, तंतुमय होतो आणि मग मेयोनीज जास्त ओढतो. पाण्यातलाच असला तरी बिघडत नाही, मेयोनीज अर्धा चमचा वाढवावे. माशाच्या जातीतही फरक असतो. अल्बाकोर पांढरट, मोठ्या तुकड्यांचा आणि सौम्य असतो. स्किपजॅक गडद, बारीक आणि चवीला उग्र असतो. भात, नोरी आणि सोया सॉस यांच्यासमोर सौम्य मासा हरवून जातो, म्हणून येथे स्किपजॅक उजवा ठरतो. अल्बाकोर आकाराने मोठा आणि दीर्घायुषी असल्यामुळे त्यात पाऱ्याचे प्रमाणही तुलनेने जास्त असते. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी स्किपजॅकच घेणे चांगले.

डबा उघडून मासा बारीक जाळीच्या चाळणीत ओतावा आणि पाच मिनिटे नुसता राहू द्यावा. मग स्वच्छ, पातळ फडक्यात घेऊन त्याची पुरचुंडी बांधावी आणि हळूहळू पिळावी. आधी धार लागते, मग थेंब, आणि शेवटी पुरचुंडीवर फक्त ओलसरपणा दिसतो, तेथे थांबावे. त्यापुढे पिळत राहिल्यास माशाचा भुसा होतो. तेलातल्या ट्यूनाचे तेल फेकून देण्याऐवजी बाजूला ठेवले, तर भाज्या परतताना ते कामी येते. पिळलेला मासा वाडग्यात मोकळा करून काट्याने सुटा करावा, पण त्याचे धागे दिसत राहतील इतकाच.

काकडीची साल ठेवून ती लांबीत उभी चिरावी, मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढावा आणि उरलेल्या भागाचे काडेपेटीतल्या काड्यांएवढे तुकडे करावेत. त्यांना पाव लहान चमचा मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे, आणि पाणी सुटले की पिळून कागदी रुमालावर पसरावे. ही काकडी ट्यूनात मिसळायची नाही. ती वेगळी ठेवून गुंडाळताना शेजारी लावायची, म्हणजे तिचा करकरीतपणा टिकतो.

आता मेयोनीज. जपानी मेयोनीजमध्ये सर्वांत ओळखीचे नाव क्यूपी. ते १९२५ मध्ये तेथील बाजारात आले, आणि त्यात संपूर्ण अंड्याऐवजी फक्त पिवळा बलक असल्यामुळे ते गडद आणि जास्त स्निग्ध लागते. ते नसेल तर कोणतेही घट्ट मेयोनीज घेऊन त्यात चिमूटभर साखर आणि दोन थेंब सोया सॉस जास्त घालावा. अनेकजण अशा वेळी मेयोनीजमध्ये तांदळाचे व्हिनेगरही घालायला सांगतात. मी घालत नाही. मेयोनीजचा स्वतःचा आंबटपणा पुरेसा असतो आणि बाकीचे काम भात करतो.

ट्यूना, मेयोनीज, सोया सॉस आणि तिळाचे तेल काट्याने हलकेच मिसळावे. मेयोनीज एकदम तीन चमचे न घालता आधी दोन घालून पाहावे. चमचा उलटा केला तरी मिश्रण पडू नये, पण दाबल्यास पसरावे, इतपत ते मिळून यायला हवे. तिळाच्या तेलाचा हात आखडता ठेवावा, कारण भाजलेल्या तिळांचा वास इतका दांडगा असतो की एका चमच्याने सगळे सॅलड त्याच्या ताब्यात जाते. तीळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजावेत; पहिले दोनचार दाणे तडतडून उडाले की लगेच बशीत काढावेत, तव्यावर राहिले तर कडू होतात. अर्धे तीळ खलबत्त्यात किंचित भरडून ट्यूनात घालावेत, अर्धे अख्खे वर पेरण्यासाठी ठेवावेत. पातीचा कांदा अगदी बारीक चिरून शेवटी घालावा.

मिश्रण चाखल्यावर ते नुसते खायला थोडे अळणी आणि थोडे जड वाटेल. तसेच वाटायला हवे. चव पाहायची ती कोमट भाताचा घास आणि नोरीचा तुकडा यांच्यासह.

या तिघांचे एकमेकांशी इतके जमते, त्यामागे रसायनशास्त्र आहे. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूच्या कढणातून ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे केले आणि त्याच्या रुचकर, भरीव चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. त्यानंतर १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या कात्सुओ माशात अशीच चव देणारे इनोसिनेट हे द्रव्य सापडले, आणि हा कात्सुओ म्हणजेच ट्यूनाच्या डब्यांत भरला जाणारा स्किपजॅक. नंतरच्या संशोधनाने दाखवले की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले, की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. येथे इनोसिनेट माशातून येते, तर ग्लुटामेट सोया सॉस आणि नोरीतून. पारंपरिक जपानी कढणात कोम्बू आणि कात्सुओ हीच जोडी असते. म्हणून भात शिजवताना कोम्बूचा तुकडा घालण्याचा आग्रह वर धरला होता.

नोरी

नोरीचा कागद सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद असतो. त्याची एक बाजू गुळगुळीत व चकचकीत असते आणि दुसरी खरखरीत; भात नेहमी खरखरीत बाजूवर पसरावा, कारण तेथे तो धरून राहतो आणि चकचकीत बाजू बाहेर दिसते. पाकीट फोडून काही दिवस झाले असतील तर नोरी वातड होते. अशा वेळी कागद मंद आचेपासून वीतभर उंच धरून दोन्ही बाजूंनी काही सेकंद फिरवावा. काळसर रंगातून हिरवा रंग डोकावू लागतो आणि वाकवल्यास कागद कुरकुरतो. उरलेले कागद पाकिटातल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावेत.

नोरी आज इतकी सहज मिळते, याचे मोठे श्रेय कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शैवालशास्त्रज्ञ महिलेकडे जाते. ही वनस्पती आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या आत सूक्ष्म रूपात काढते, हे तिने १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत नोरीचे बीज कोठून येते हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते आणि पीक दैवावर अवलंबून असे. त्या शोधाच्या आधारे जपानमध्ये नोरीची खात्रीची लागवड सुरू झाली. ती स्वतः जपानला कधी गेली नाही, पण क्युशू बेटावरील उतो येथे तिचे स्मारक आहे.

गुंडाळणे: तेमाकीपासून सुरुवात करावी

बांबूच्या चटईवर लांब गुंडाळी करून तिच्या एकसारख्या चकत्या कापणे हे छायाचित्रात सुरेख दिसते, परंतु नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये. ट्यूना सॅलडसारखे मऊ सारण दाबले की दोन्ही टोकांनी बाहेर येते, सुरी चिकटते, आणि चकत्या होईपर्यंत नोरी ओली पडते. तेमाकी, म्हणजे हातातच गुंडाळलेला शंकू, या सगळ्यातून सोडवते. जपानी घरांतही पाहुणे आले की भात, नोरी आणि सारणे मध्ये मांडून प्रत्येकाने आपापली तेमाकी करून खाण्याची रीत आहे.

नोरीचा कागद कात्रीने मधोमध कापून दोन आयत करावेत. एका वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर व्हिनेगर मिसळावे आणि भाताला हात लावण्यापूर्वी बोटे त्यात बुडवून जास्तीचे पाणी झटकून टाकावे, म्हणजे भात हाताला चिकटत नाही. नोरी डाव्या तळहातावर आडवी, खरखरीत बाजू वर करून ठेवावी. लिंबाएवढा, म्हणजे सुमारे ३५ ते ४० ग्रॅम भात घेऊन तो डावीकडच्या अर्ध्या भागावर बोटांच्या टोकांनी पसरावा. दाबू नये, भातातून खालची नोरी ठिकठिकाणी डोकावली तरी चालते. भातावर वसाबीचे बोट पुसावे, मग वरच्या डाव्या कोपऱ्याकडून भाताच्या खालच्या कडेच्या मध्याकडे तिरपी रेघ कल्पून त्या रेघेवर एक मोठा चमचा ट्यूना आणि काकडीचे दोनतीन तुकडे ठेवावेत. खालचा डावा कोपरा उचलून सारणावरून उजवीकडे वळवावा, टोक निमुळते होईल असे पाहत शंकू फिरवत न्यावा, आणि शेवटचा कोपरा भाताच्या दोन दाण्यांनी चिकटवावा. पहिल्या दोनतीन तेमाकी वाकड्या होतात. त्या करणाऱ्याने स्वतः खाव्यात.

तेमाकी हातात आली की लगेच तोंडात जावी, हा एकच नियम कडकपणे पाळावा. ताजी नोरी दातांखाली कर्रकन तुटते, मग कोमट भात, मग थंड ट्यूना, आणि शेवटी वसाबी नाकात चढते. दोनतीन मिनिटे थांबलात तर नोरी भाताची वाफ पिते, चिवट होते, आणि एक घास तोडण्यासाठी सगळा शंकू उलगडतो. म्हणूनच आधी सगळ्या गुंडाळून ताटात रचून ठेवण्यात अर्थ नाही.

हात बसला की गुन्कान करून पाहावी. ‘गुन्कान’ म्हणजे युद्धनौका. बोटाएवढ्या लांब मुटक्याभोवती नोरीची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी उभी गुंडाळायची, ती भातापेक्षा किंचित उंच राहते, आणि त्या काठाच्या आत सारण भरायचे. निसटणारे, मऊ पदार्थ भातावर टिकावेत म्हणून ही युक्ती निघाली. १९४१ मध्ये टोकियोतील गिन्झा भागातल्या क्यूबेई या उपाहारगृहात ती पहिल्यांदा केली गेली असे सांगतात. ट्यूना सॅलडला हा आकार अगदी मापाचा आहे.

आणि गुंडाळण्याची इच्छाच नसेल, तर वाडग्यात भात, त्यावर ट्यूना, काकडी, ॲव्होकाडोच्या फोडी आणि वरून कात्रीने कापलेली नोरी घालावी. नोरी मात्र अगदी शेवटी.

वसाबी, आले आणि सोया सॉस

नळीतील वसाबी बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाची झणझणीत मुळी, मोहरी आणि हिरवा रंग यांची असते, आणि या कामासाठी ती पुरेशी आहे. ती मेयोनीजमध्ये मिसळू नये, हे माझे ठाम मत आहे. वसाबीचा झणका उडून जाणारा असतो आणि तेलात विरघळणाराही असतो. मेयोनीजमध्ये तो निम्मा दबतो आणि उरलेला अर्ध्या तासात नाहीसा होतो, मग माणूस आणखी वसाबी घालत राहतो आणि सॅलड नुसतेच हिरवट होते. भातावर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी लावलेली वसाबी त्याहून जास्त बोलते. मुलांसाठी तेमाकी वसाबी न लावता करता येते, हा आणखी फायदा.

गारी, म्हणजे गोड व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आल्याच्या पातळ चकत्या, दोन तेमाकींच्या मध्ये खायची असते. ती जिभेवरचे मेयोनीज धुऊन काढते. सुशीवर ठेवून खाण्यासाठी ती नाही. सोया सॉस लहान बशीत घ्यावा आणि तेमाकीचे वरचे टोक त्यात जेमतेम टेकवावे. ट्यूनात थोडा सोया सॉस आधीच आहे, त्यामुळे बुडवणे नको. गहू चालत नसलेल्यांनी तामारी हा सोया सॉसचा प्रकार लेबल वाचून घ्यावा, आणि पाहुण्यांना अंडी, तीळ, सोया व मासे यांपैकी कशाची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारून ठेवावे.

उरले तर

उघडलेल्या डब्यातला न वापरलेला ट्यूना डब्यातच न ठेवता झाकणाच्या काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. मेयोनीज घातलेले मिश्रण दोन दिवस चांगले राहते, मात्र टेबलावर ते दोन तासांपेक्षा जास्त राहिले असेल, आणि हवा फार गरम असेल तर तासापेक्षा जास्त, तर ते ठेवण्याच्या फंदात पडू नये. भाताच्या बाबतीतही ढिलाई नको. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. व्हिनेगर त्यांना आळा घालते, पण घरच्या मापाने घातलेल्या व्हिनेगरवर विसंबून भात रात्रभर बाहेर ठेवणे योग्य नाही.

भात थोडाच उरला असेल, तर तो जेवण झाल्याबरोबर पातळ पसरून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो नुसता खाण्याजोगा राहत नाही, पण त्याच्या चपट्या वड्या थापून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी चांगल्या गरम आणि खरपूस करून, त्यांवर उरलेला ट्यूना थंडच घातला तर वेगळीच मजा येते. शेवटी कुरकुरीत नोरी हाताने चुरून वर टाकावी.